अनोळखी द्रवाची ओळख : एकच गुणधर्म पुरेसा नाही

अनोळखी पदार्थाची ओळख पटवताना रसायनशास्त्र प्रथम त्याचे भौतिक गुणधर्म तपासते. घनता, वितळबिंदू, उत्कलनबिंदू आणि अपवर्तनांक हे गुणधर्म पदार्थाचे रासायनिक रूप न बदलता मोजता येतात. ठरावीक तापमान व दाब असताना शुद्ध पदार्थाच्या बाबतीत त्यांची मूल्ये निश्चित असतात. म्हणून मोजलेले आकडे प्रमाणित कोष्टकाशी ताडून पाहता येतात. मात्र एकाच आकड्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे मिथेनॉल आणि इथेनॉल या जोडीवरून समजते.

मद्यातील अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. मिथेनॉल हे उद्योगांत वापरले जाणारे विषारी द्रावक आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल तयार होते. त्यामुळे दृष्टी जाते, प्राणही जातात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक बळी घेतले.

दोन्ही द्रव रंगहीन असून पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतात. वासही बराच सारखा. २० अंश सेल्सिअसला मिथेनॉलची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.७९१ ग्रॅम, तर इथेनॉलची ०.७८९ ग्रॅम असते. त्यामुळे मद्याची तीव्रता दाखवणारा तरकाटा, म्हणजे हायड्रोमीटर, त्यांच्यात भेद करू शकत नाही. ‘कडक’ ठरलेली दारू सुरक्षित असेलच असे नाही. ज्योतीच्या रंगावरून केलेली घरगुती पारखही विश्वासार्ह नव्हे.

इतर गुणधर्म मात्र फरक स्पष्ट करतात. सामान्य वातावरणीय दाबाला मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळते, इथेनॉल सुमारे ७८.४ अंशांवर. अपवर्तनांक अनुक्रमे १.३२९ आणि १.३६१ आहेत.

हे आकडे शुद्ध द्रवांचे आहेत. मिश्रण उकळू लागल्यावर त्याचे तापमान सहसा स्थिर न राहता चढत जाते आणि अपवर्तनांकही घटकांच्या प्रमाणानुसार बदलतो. म्हणून मद्याच्या नमुन्याची तपासणी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने करतात. त्यात घटक वेगळे होऊन प्रत्येकाचे प्रमाण कळते.

अनोळखी द्रव चाखून वा हुंगून कधीही पारखू नये. मिथेनॉलच्या विषबाधेची लक्षणे अनेक तासांनी दिसू शकतात. मद्यपानानंतर नजर धूसर झाल्यास किंवा पोटात तीव्र वेदना होऊन उलट्या झाल्यास नशा उतरण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.