तळटीप १४ : कॉम्रेड सकलातवाला

१४. शापुरजी सकलातवाला (१८७४–१९३६) : ब्रिटिश पार्लमेंटमधील डावे खासदार. जन्म मुंबईचा, जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे. मुंबईतल्या प्लेगच्या साथीत त्यांनी मदतकार्य केले. १९०५ साली टाटांच्या कामासाठी ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या कामगार चळवळीचे झाले. १९२२ मध्ये लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघातून ते निवडून आले. पुढच्या वर्षी हरले, पण १९२४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून पुन्हा जिंकले. दादाभाई नौरोजी आणि मंचरजी भावनगरी यांच्यानंतरचे ते तिसरे भारतीय खासदार.

१९२६ च्या मे दिनी हाइड पार्कमधील भाषणात त्यांनी सैनिकांना कामगारांवर गोळ्या झाडू नका, असे आवाहन केले. त्याबद्दल खटला झाला. चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला त्यांनी साफ नकार दिला आणि दोन महिने तुरुंगवास पत्करला. १९२७ च्या भारतभेटीत खादी व कामगार संघटना या प्रश्नांवर त्यांनी गांधीजींशी पत्रांतून जाहीर वाद घातला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून उत्तर दिले. त्यानंतर सरकारने सकलातवालांना मायदेशी येण्यास बंदी केली. १९२९ मध्ये त्यांची खासदारकी गेली.

आपल्या वाचकांची हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. इथल्या कयाधू नदीकाठच्या सामान्य कुळाला मताचा हक्क मिळाला तो स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. ज्यांना स्वतःचा प्रतिनिधी निवडता येत नव्हता, अशा कोट्यवधींची बाजू सकलातवालांनी परक्या सभागृहात निर्भयपणे मांडली. म्हणून त्यांचे नाव इथल्या वाचकालाही ठाऊक असायला हवे. — संपादक