झडपेची स्प्रिंग आणि वेगाचा हिशेब

या मालेसाठी आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणीस जरा घोटाळ्यात पडले. त्यांनी इतिहासाचे व्याख्यान मागितले होते आणि आम्ही कळविले, ‘मोटारीच्या इंजिनातील रॉकर आणि झडपेची स्प्रिंग’. निदान एखाद्या संपाचा इतिहास तरी सांगाल असे वाटले होते, असे ते म्हणाले. संप येणार आहेच. पण तो स्प्रिंगेच्या मागून येईल, कारण आमच्या ध्यानात तो त्याच वाटेने आला.

आमच्या युनियनच्या कचेरीखाली एक गॅरेज होते. तेथे मुख्यतः प्रीमियर पद्मिनी टॅक्स्या येत. ही गाडी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सीतळांवरून अखेरची गेली. पण आम्ही सांगतो ती गोष्ट त्यापूर्वी बऱ्याच वर्षांची आहे. एक होतकरू तरुण आपली पद्मिनी घेऊन आला. इंजिनाला बाकी कुठे हात लावायचा नाही, फक्त झडपांच्या स्प्रिंगा कडक घालायच्या आणि रॉकर बदलायचे, म्हणजे गाडी पळेल, असे त्याने कुठून तरी ऐकले होते. मिस्त्री हातातले काम न थांबविता म्हणाले, “बाळा, जोर वाढवशील रे, पण तो जोर घेणार कोण?” एवढे बोलून ते पुन्हा हेडकडे वळले. आम्ही मात्र त्या प्रश्नात अडकलो, आणि रात्रीच्या वाचनात पुढे कित्येक महिने तेच पुरले.

प्रथम यंत्र समजावून घेऊ. इंजिनात हवा-पेट्रोल आत येण्याला एक झडप आणि धूर बाहेर जाण्याला दुसरी. त्या उघडण्याचे काम कॅमशाफ्टकडे. पद्मिनीसारख्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, झडपा वर. म्हणून कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, आणि पुशरॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो. रॉकर म्हणजे पोरांच्या बागेतली सी-सॉची फळी; एक टोक वर गेले की दुसरे खाली येते आणि झडप दाबून उघडते. उघडण्याला इतकी माणसे राबतात. मिटण्याला मात्र एकटी स्प्रिंग. कॅम ढकलू शकतो, ओढू शकत नाही. झडप वेळेवर परत बसवणे, आणि मधल्या साऱ्या साखळीला कॅमच्या पाठीवर घट्ट धरून ठेवणे, हे सगळे तिच्या अंगावर.

इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट ३००० घेतो, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग सेकंदाला पन्नास वेळा दबते आणि उलगडते. येथे एक हिशेब आहे तो नीट ध्यानात घ्यावा. वेग जितक्या पटीने वाढतो, त्याच्या वर्गाच्या पटीने झडपेला परत वळवायचा जोर वाढतो. ४००० चे ५००० फेरे केले, तर वेग सव्वापट झाला. जोर मात्र दीडपटीहून अधिक लागतो. स्प्रिंगेकडे तेवढा जोर नसला की टॅपेट कॅमची पाठ सोडून उडते, झडप वेळेवर मिटत नाही, आपल्या बैठकीवर आपटून उसळते, आणि दैव फिरले तर वर येणारा पिस्टन तिला गाठतो. तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट असले तर ते या उडण्याने पडलेली फटही इमानेइतबारे भरून टाकतात, आणि मग झडप मिटतच नाही. म्हणून अशा इंजिनाला किती वेग झेपेल हे पुष्कळदा सिलिंडर नव्हे, ही दोन-अडीच इंचांची तार ठरवते.

आता ज्या इंजिनावर हा रॉकर-स्प्रिंग बदलण्याचा उद्योग जगात सर्वांत अधिक झाला असेल त्याकडे वळू. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे गाव आहे. तेथे १९५५ च्या मोटारींसाठी शेव्हरोलेचे नवे आठ सिलिंडरांचे इंजिन निघू लागले, २६५ घनइंचांचे. मुख्य इंजिनियर एड कोल. त्यापूर्वी रॉकर बहुधा ओतीव किंवा घडीव असत आणि एका लांब दांड्यावर ओळीने बसवीत. या इंजिनात पोलादी पत्रा दाबून बनविलेला, वाटीसारखा हलका रॉकर आला. दांडा गेला, प्रत्येक रॉकरला हेडमध्ये ठोकून बसविलेली स्वतंत्र खुंटी मिळाली, आणि तेल पोकळ पुशरॉडमधून वर चढू लागले. मूळ कल्पना पाँटियाक शाखेतील क्लेटन लीच यांची. वस्तू स्वस्त झाली हे तर खरेच. पण हलकी झाली हे अधिक मोलाचे. स्प्रिंगेला परत वळवावे लागणारे ओझे घटले, आणि साध्या संसारी मोटारीचे इंजिन चढत्या वेगाला धीटपणे सामोरे जाऊ लागले.

असे इंजिन तरुणांच्या हाती पडल्यावर त्यांनी ते आहे तसे ठेवावे ही अपेक्षाच व्यर्थ. कॅमशाफ्ट बदलायचा तर इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते. रॉकर मात्र वरचे झाकण काढले की हाताशी येतात. मूळ रॉकरची पट दीड होती. तिच्या जागी १.६ चा बसवला की झाले. समजा कॅमने टॅपेट ७.५ मिलिमीटर उचलली. मूळ रॉकर झडप ११.२५ मिलिमीटर उघडेल, नवा १२. कॅम तोच, कष्ट अर्ध्या दिवसाचे, आणि हवा थोडी जास्त. मोहाचे कारण हेच.

पण मिस्त्रींचा प्रश्न येथे उभा राहतो. या इंजिनाच्या प्रचलित स्प्रिंगेचा जोर झडप मिटलेली असता सुमारे ८० पौंड आणि पुरी उघडली असता सुमारे २०० पौंड. झडपेकडे २०० तर दीड पटीच्या रॉकरमुळे पुशरॉडकडे ३००. आणि तराजूच्या काट्याप्रमाणे मधल्या खुंटीवर दोहोंची बेरीज, ५००. आता झडप अधिक उघडणार आणि अधिक झपाट्याने हलणार, म्हणून ३०० पौंडांची स्प्रिंग घातली आणि रॉकर १.६ चा लावला. पुशरॉडवर ४८० आले, खुंटीवर ७८०. ती खुंटी हेडमध्ये नुसती ठोकून बसविलेली! ती हळूहळू वर सरकू लागते. म्हणून जाणते लोक हेडला आटे पाडून पेचाची खुंटी बसवतात. पत्र्याच्या रॉकरची खाच आखूड पडून खुंटीला घासते. तीही लांब हवी. पुशरॉड आत सरकतो आणि हेडमधल्या भोकाची कड खरवडतो. स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकायच्या आत झडप पुरी उघडते की नाही हे मोजावे लागते. आणि खाली कॅमच्या टोकावर सपाट टॅपेट दाबाने घासते. नव्या कॅमला अशा कडक स्प्रिंगेखाली एकदम जुंपले तर पहिल्या अर्ध्या तासातच तो झिजून बसतो; म्हणून दुहेरी स्प्रिंगेतली आतली काढून ठेवून, सुमारे २००० फेऱ्यांवर वीसएक मिनिटे चालवून, कॅमचे अंग बसवून घेण्याची रीत पडली. पुढे धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांच्या सोयीसाठी तेलातले जस्त-स्फुरदाचे मिश्रण कमी करण्यात आले, तेव्हा हा जुना कॅम आणखीच नाजूक झाला.

एकूण, एका भागाचा जोर वाढविला की भार नाहीसा होत नाही. तो शेजाऱ्याच्या खांद्यावर जातो. ज्यांनी पुरी साखळी मोजली त्यांची इंजिने चालली. ज्यांनी फक्त स्प्रिंग विकत घेतली त्यांच्या खुंट्या निघाल्या.

तरीही स्प्रिंग मोडण्याचे कोडे याहून जुने. सोसण्याजोग्या भाराखालीच ती एक दिवस तुटते. पोलाद थकते हे रेल्वेने शिकविले. १८४२ साली व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून पन्नासांहून अधिक उतारू मेले. पुढे जर्मनीत औगुस्ट व्योलर या रेल्वे इंजिनियराने आस वर्षानुवर्षे फिरवून, वाकवून, किती भार किती वेळा दिल्यावर तुकडा पडतो याची कोष्टके १८७० पर्यंत बांधली. चीर बहुधा पृष्ठभागावरून, एखाद्या बारीक ओरखड्यातून सुरू होते, हेही हळूहळू कळले.

१९३० च्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्सच्या ब्युइक शाखेत एक नवल आढळले. झडपांच्या स्प्रिंगांवरची भट्टीतली काळी खपली काढण्यासाठी त्यांवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करीत. हेतू एवढाच की माल स्वच्छ दिसावा. पण मारा खाल्लेल्या स्प्रिंगा न खाल्लेल्यांपेक्षा अधिक टिकतात असे दिसून आले! ठोके बसून तारेचे कातडे आतल्या आत आवळले जाते, आणि आवळलेल्या जागी चीर तोंड उघडू शकत नाही. त्याच कंपनीतील जॉन अल्मेन यांनी या माऱ्याचे माप काढण्याची पट्टी शोधली. तिला आजही त्यांचेच नाव आहे. आज विमानाचे भागही असे ठोकून काढतात. सफाईच्या कामातून एवढी विद्या निघाली याचे आम्हांला फार अप्रूप वाटते. सफाई खात्याला कारखान्यात कोण विचारतो हे आम्ही उभा जन्म पाहिले आहे.

ब्युइकचे घर तेच फ्लिंट. आणि आता चिटणिसांचा संप येतो. ज्या दशकात स्प्रिंगेचा थकवा मोजला जात होता, त्याच दशकात त्याच गावात माणसांचा थकवा चव्हाट्यावर आला. ३० डिसेंबर १९३६ रोजी जनरल मोटर्सचे कामगार काम थांबवून कारखान्यातच बसले. मागण्यांत मान्यता होती, वेतन होते. पण एक मागणी अशी होती की कामाचा वेग व्यवस्थापनाने एकट्याने ठरवू नये, कामगारांच्या समितीच्या संमतीने ठरावा. पट्टा मालकाच्या मर्जीने पुढे सरकायचा आणि माणसाने मागे धावायचे, हे त्यांना असह्य झाले होते.

कंपनी बधेना. तेव्हा १ फेब्रुवारी १९३७ रोजी युनियनने शेव्हरोलेचा ९ नंबरचा कारखाना घेणार अशी हूल उठविली. पहारेकरी तिकडे धावले, तेथे अश्रुधूर सुटला, गुदमरणाऱ्यांना हवा मिळावी म्हणून बायकांच्या पथकाने काठ्यांनी खिडक्या फोडल्या. आणि तेवढ्यात खरा घाव ४ नंबरवर पडला. तेथे काय बनत होते? शेव्हरोलेची सहा सिलिंडरांची इंजिने. वर झडपा, खाली कॅम, मध्ये पुशरॉड आणि रॉकर. इंजिन थांबले की मोटार थांबली. ११ फेब्रुवारीला, चव्वेचाळिसाव्या दिवशी, कंपनीने करार केला. वेगाची मागणी जशीच्या तशी पदरात पडली नाही. पण तक्रार मांडायला युनियन उभी राहिली. पोलादाची बाजू कोष्टकांनी मांडली होती. माणसांना आपली बाजू मांडायला बसून राहावे लागले.

स्प्रिंगेची गोष्ट त्यानंतरही चालू राहिली. अलीकडच्या शेव्हरोले इंजिनांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, वर निमुळती होत जाणारी स्प्रिंग आली. वरचे वेढे लहान, म्हणून वरची टोपीही लहान आणि हलकी. हलणारे ओझे कमी, म्हणून तेवढ्याच वेगाला कमी जोर पुरतो. जुनी इंजिने बाळगणारेही आता तीच बसवून घेतात, आणि रॉकरच्या टोकाला चाक लावतात म्हणजे झडपेच्या दांड्याचे घासणे कमी होते.

त्या दिवशी मिस्त्रींनी तरुणाच्या कडक स्प्रिंगा कागदात बांधून परत दिल्या. जुन्या काढल्या, काचेच्या तुकड्यावर ओळीने उभ्या केल्या आणि वरून फूटपट्टी आडवी धरली. दोन बुटक्या निघाल्या. “बसल्या आहेत,” ते म्हणाले. सबंध संच त्याच मापाचा नवा आणायला त्यांनी पोऱ्याला पाठविले, आणि तो येईपर्यंत आमच्यासाठी चहा सांगितला.