आरोग्यविम्याची परिभाषा आणि दंतोपचार : गेवराई तालुक्याच्या संदर्भात

गेवराई तालुक्याचा कारभार १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात उर्दूतून चालत असे. आज तेथील रुग्णाच्या हाती पडणाऱ्या विम्याच्या कागदांत दावा, मंजुरी, रक्कम हे शब्द आढळतात. ती निजामी राजवटीची देणगी मानण्याचा मोह होतो. परंतु तो टाळला पाहिजे. फारसी-अरबी वळणाचे असे शब्द पेशवाई दप्तरातही रुळलेले होते. नवे आहेत ते 'अंगीकृत रुग्णालय' आणि 'आरोग्यमित्र'. राज्यव्यवहारकोशाचीच परंपरा म्हणावी लागेल!

१९४८ चा कर्मचारी राज्यविमा कायदा कारखान्यांतील कामगारांसाठी होता. कोरडवाहू शेतकऱ्याचा त्यात समावेश नव्हता. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत बीड नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. शेतकरी-आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील, म्हणजे बीडमधीलही, शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना सातबारा दाखवून लाभ घेता येऊ लागला. जमीनमहसुलाचा उतारा हा औषधोपचाराचा पुरावा ठरावा, ही घटना अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने शिधापत्रिकेच्या रंगाचा हा भेद मिटला व संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे पाच लाख रुपये झाली.

दातांची गोष्ट मात्र निराळी आहे. अपघाताने मोडलेला जबडा किंवा मुखाचा कर्करोग योजनेत बसतो. किडलेला दात भरणे व दंतमूळ-उपचार बसत नाहीत, कारण त्यांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे कारण नसते. एका खुर्चीवर चालणारा दंतवैद्य साहजिकच या रचनेबाहेर राहतो. जेथे उपचार योजनेत येतो तेथे पूर्वपरवानगी घ्यावी लागते, क्ष-किरण चित्रे जोडावी लागतात. ठरलेली रक्कम रुग्णालयास मिळते व त्याच उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

बोलीत मात्र 'दाढ दुखते' या एका वाक्यात किडीपासून जबड्यातील गाठीपर्यंत सारे सामावते. अर्जास हा सैलपणा चालत नाही. दाढ काढल्याची नोंद जबड्याची शस्त्रक्रिया म्हणून करणे हा शब्दभेद नसून खोटा दावा होय. उलट, खरी गाठ 'दाढदुखी' म्हणून नोंदली गेली, तर हक्काचा उपचार नाकारला जाण्याचा संभव राहतो. या दोन भाषांमधील दुभाषाचे काम प्रत्यक्षात आरोग्यमित्राच्या मेजावर होते.