ठोका आणि दाब

आज गोंदिया जिल्ह्यात असलेले बिरसी १९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते, आणि भंडाऱ्याची ख्याती पितळी भांड्यांची. हातोडीच्या ठोक्यांनी पितळ कठीण होते. ते पुन्हा तापवून मऊ करावे लागते. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने इंग्लंडात द्रवदाबयंत्राचे पेटंट घेतले. अशा यंत्रांत साच्यावर ठेवलेल्या पत्र्याला दोनतीन दाबांत आकार येतो आणि प्रत्येक भांडे हुबेहूब सारखे उतरते. त्यामुळे भांडी स्वस्त झाली, हे यंत्राचे श्रेय आम्ही नाकारत नाही. परंतु मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा राहत; तीच कारागिराची सही. समीक्षेत 'साचेबद्ध' हा शब्द आपण दोषवाचक म्हणून सहज वापरतो. तो शिकवताना या पुसल्या गेलेल्या सहीचाही इतिहास सांगावा, असे आम्हांस वाटते.