दोन्हीकडून सारखीच

घाटकोपरच्या एका उर्दू शाळेत आम्ही गणित शिकवतो. आमच्या मुलांचा मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. लहान मुले हमखास गोंधळतात, १२ चे २१ होतात. मग आम्ही फळ्यावर एक संख्या लिहितो: १२३४५६७८९८७६५४३२१. कोणत्याही बाजूने वाचा, सारखीच!

ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. कारण सोपे आहे. १११ ला १११ ने गुणताना १११ तीनदा, एकेक घर सरकवून लिहावे लागते. उभ्या बेरजा १, २, ३, २, १ येतात, उत्तर १२३२१. एक हा अंक नऊ वेळा असला की मधली बेरीज ९ होते. दहा वेळा घेतला की मधे १० येतात, हातचा धरावा लागतो आणि जिना मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. आमच्या संख्येतील अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग. आणि तिचे मूळ अवयव तीनच, ३, ३७ व ३३३६६७.

"सर, ये किसने निकाला? कोई अंग्रेज होगा?" एका मुलाने विचारले. आम्ही म्हणालो, "नाही बेटा, देवळालीचे एक मास्तर."

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. पदव्युत्तर शिक्षण नव्हते. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले. अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले, ते एका स्टेशनावरून. आजचे डोंबिवली तेच. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली. घाटकोपर, मुलुंडवरून जाणारी आपली रोजची लोकल त्याच मार्गावर धावते!

अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. १९८६ साली ते वारले.

आणि ज्या अंकांवर हे सारे उभे आहे, ते अंक भारतातले. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मींनी या अंकांवर ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला आणि त्यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द रूढ झाला. उजवीकडून लिहिणाऱ्यांनी हे अंक डावीकडून लिहिणाऱ्यांकडून घेतले आणि पुढे युरोपला दिले. इल्म कोणत्या बाजूने आले, हे कुणी विचारत बसले नाही.

"उर्दू मीडियमची मुले गणितात कच्चीच," असे आम्ही अनेकदा ऐकतो. पालकही ते खरे मानतात, मग मुलेही. परवा त्याच मुलाने दहा वेळा एक लिहून वर्ग केला. जिना मोडलेला पाहून तो हिरमुसला नाही. "सर, टूटा क्यूँ?" म्हणत पुन्हा बेरजा तपासू लागला. कापरेकर मास्तरही आगगाडीच्या स्टेशनात असेच काहीतरी स्वतःला विचारत बसले असतील.