ब्रेकची किंकाळी

परवा पुतण्या पिकअप घेऊन दारात आला तो किंचाळतच. म्हणजे गाडी किंचाळत, तो नव्हे! पुढचे ब्रेकपॅड आदल्याच दिवशी बदललेले. "काका, जुने होते तोवर आवाज नव्हता, नव्यांनीच कटकट लावलीय. आणि रात्री टोमॅटो घेऊन माळशेज उतरायचाय!"

मला गाडीतलं काही कळत नाही. पण इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मेकॅनिककडे जाता जाता माझी टकळी सुरू झाली.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना मोटारीत घालून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लागलं ते असं.

१९०२ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने चकतीच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे. धातूवर धातू, मग काय, कानठळ्या! पुढे हर्बर्ट फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आणलं. आवाज गेला, उष्णताही सोसली गेली. सगळे खूश.

किंमत मोजली दुसऱ्यांनी. रॉचडेलच्या गिरणीत अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केरशॉ १९२४ मध्ये गेली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. डॉ. विल्यम कुक यांना तिच्या फुफ्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले. तरी ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडलं.

माझा एक विद्यार्थी दहावीनंतर गॅरेजात लागला होता. ट्रकचा ड्रम उघडला की तोंडाने फुंकर मारून आतली भुकटी उडवायचा. मी शेजारी चहा पीत उभा असे. वर्गात फळा पुसताना मी पोरांना "नाकाला रुमाल लावा रे" म्हणायचो. त्याला कधी म्हटलं नाही. मलाच कुठे ठाऊक होतं?

असो. मेकॅनिकने चाक काढलं. पॅडमागचा पातळ पत्रा जुन्या पॅडबरोबर फेकला गेला होता, आणि कॅलिपरच्या पिना कोरड्या ठणठणीत. पॅड चकतीला क्षणात हजारदा धरतो-सोडतो, त्या थरथरीने चकती घंटेसारखी वाजते. पत्रा ती थरथर गिळतो. नवे पत्रे बसले, पिनांना ब्रेकचं ग्रीस लागलं (पॅडच्या घासणाऱ्या अंगाला थेंबही नाही हं!). मग मोकळ्या रस्त्यावर बेताबेताने ब्रेक दाबत पॅड बसवले. किंकाळी थांबली. "पण धातू घासल्याची खरखर आली," मेकॅनिक म्हणाला, "तर गाडी जागची हलवायची नाही."

मधे एकदा तो धूळ उडवायला हवेची नळी घेऊन वाकला होता. मी म्हटलं, "थांब रे, ओलं फडकं घे."

"सर, या पॅडमध्ये आता ते नसतं," तो हसला.

"नसू दे. तू फडकं घे."

घेतलं बिचाऱ्याने. पन्नास वर्षं उशीर झाला, पण एकदाचं म्हटलं.