एका वकिलाची रोजनिशी

न्यूयॉर्कचे वकील जॉर्ज टेम्पलटन स्ट्राँग (१८२०-१८७५) यांनी १८३५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, रोजनिशी लिहावयास घेतली. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी हा परिपाठ सांभाळला. १९५२ मध्ये ती चार खंडांत प्रसिद्ध झाली आणि अमेरिकन यादवी युद्धाचे एक मोलाचे साधन अभ्यासकांच्या हाती आले. कॅथलिक वाचकाला मात्र तिच्यातील जुलै १८६३ची पाने वाचणे जड जाते.

त्या वर्षी सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. तीनशे डॉलर भरणाऱ्यास त्यातून सूट होती. दुष्काळामुळे मायदेश सोडून आलेल्या आयरिश मजुरांना एवढी रक्कम कोठून मिळणार? गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय आपला रोजगार हिरावतील, हे भयही त्यांच्या मनात होते. १३ जुलैला दंगल उसळली आणि चार दिवस चालली. कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालय जाळण्यात आले. आतील दोनशेंहून अधिक बालके सुदैवाने वाचली. पण अनेक निरपराध कृष्णवर्णीयांना जमावाने हालहाल करून मारले. एकूण शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. दंगलखोरांत बहुसंख्य आयरिश कॅथलिक होते.

स्ट्राँग यांनी हे अत्याचार निर्भीडपणे नोंदविले. परंतु त्यांचा संताप गुन्हेगारांपाशी थांबला नाही. त्यांनी सबंध आयरिश समाजच दोषी ठरविला. वस्तुतः जमावाने ठार केलेले कर्नल हेन्री ओब्रायन आयरिशच होते. त्याच महिन्याच्या आरंभी गेटिसबर्गच्या रणांगणावर आयरिश ब्रिगेड लढली होती. लढाईपूर्वी फादर विल्यम कॉर्बी यांनी त्या सैनिकांना पापक्षमा दिली होती. १७ जुलै रोजी आजारी आर्चबिशप जॉन ह्यूज यांनी आपल्या घराच्या सज्जातून आयरिश जमावाला शांततेचे आवाहन केले. सहा महिन्यांच्या आत ते निवर्तले.

स्ट्राँग यांचा पूर्वग्रह उघड आहे, म्हणून त्यांची साक्ष फेटाळण्याचा मोह होतो. तो आपण टाळला पाहिजे. आपल्याच धर्मबांधवांच्या हातून त्या बालकांचे छत्र जळाले, हे सत्य लेखकाच्या द्वेषामुळे खोटे ठरत नाही. आणि त्या सत्यामुळे त्यांचा द्वेषही न्याय्य ठरत नाही. श्रद्धावंताने इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी मान्य केल्या, तरच मेलेल्यांना न्याय मिळेल.